ओलं सिमेंट

१० ऑक्टोबर १९८२, रविवार

आजपासून आमचा बँड आहे. हे कुठंतरी लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर उद्या आम्ही मोठे झालो की तिहो जगभर सांगत सुटेल, बँड मीच काढला म्हणून. बँड मी काढला. देसांकाने. नाव तेवढं बिसाने ठेवलं, 'ओलं सिमेंट'.

झालं असं की तिहोच्या बेलग्रेडच्या मावसभावाने एक कॅसेट पाठवली. त्यात इंग्लंडातली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात आणि एकालाही धड वाजवता येत नाही. त्याला पंक म्हणतात. तिहो म्हणाला, "हे काय संगीत आहे?" मी म्हटलं, "अरे, धड न वाजवणं तर आपल्यालाही जमेल!" झालं, तिथंच ठरलं.

तिहो गिटार वाजवतो आणि तोंडाचा पट्टाही. ल्युबान, म्हणजे खाटकाचा मुलगा, ढोल बडवतो. तो आधीपासूनच अग्निशामक दलाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो, तोच ढोल आणणार आहे. मी बेस, म्हणजे चार जाड तारांची गिटार. शाळेतला जुना मिळालाय, एक तार नाही, पण पंकला तीन पुरतात. आणि गाणार बिसा. बिसेर्का. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसतो, त्यामुळे तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. शिवाय अ‍ॅम्प्लिफायर तिचा. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्या बाबांनी व्हिएन्नाहून आणला. चामड्याचं काळं जाकीटही आणलं. काही लोकांचं नशीबच असतं.

तालीम तिच्याच घरी, तिसऱ्या मजल्यावर. एवढं मोठं घर आणि राहतं कोण? कोणी नाही! तिचे आईबाबा सात वर्षं झाली व्हिएन्नाला कामाला आहेत. दर ऑगस्टला येतात आणि घराला काहीतरी जोडून जातात. एका वर्षी गच्ची, एका वर्षी संगमरवरी पायऱ्या, गेल्या वर्षी फाटकावर दोन सिमेंटचे सिंह. बिसा आणि तिचे आजोबा राहतात मागच्या जुन्या स्वयंपाकघरात, कोंबड्यांशेजारी. त्राइलो आजोबा म्हणतात, नव्या घरात मला हरवल्यासारखं होतं.

तिसऱ्या मजल्याला खिडक्या नाहीत, दारं नाहीत. आवाज असा घुमतो की आम्ही चौघं नाही, चाळीस जण आहोत असं वाटतं. मी आज इतकी खूश आहे की आईने सांगायच्या आधी भांडी घासली.

२४ ऑक्टोबर, रविवार

तालीम रद्द. मोची वारले. ल्युबानचा ढोल अंत्ययात्रेला गेला. आता गावात कुणी गेलं की आमचा बँड बंद! तिहो म्हणतो, थंडी वाढली की म्हातारे पटापट जातात, आपलं काही खरं नाही.

तसंही गेल्या रविवारी बिसा उशिरा आली. दर रविवारी हेच. पाचची तालीम आणि ही सव्वासहाला उगवणार. पोस्टात जाते, व्हिएन्नाहून फोन येतो म्हणून. मी म्हटलं, "एवढं काय बोलता गं तासभर?" तर म्हणे, "असंच." आणि मग गायली अशी की माझ्या बेसच्या उरलेल्या तारा तुटायची वेळ आली. म्हणजे तासभर गप्पा मारून घसा मोकळा होत असणार.

आई पोस्टात टेलिफोनच्या खिडकीवर असते. ती म्हणाली, "देसा, रविवारची तालीम सहाला ठेव की." मी म्हटलं, सहाला अंधार पडतो आणि तिसऱ्या मजल्यावर दिवा नाही, अ‍ॅम्प्लिफायरची वायर तेवढी खालून ओढलीय. आईला काय कळतंय बँडमधलं.

३० डिसेंबर, गुरुवार

शाळेचा नववर्षाचा नाच. आमचा पहिला कार्यक्रम!

केस उभे राहावेत म्हणून साखरेचं पाणी लावलं होतं. हॉलमध्ये गरम व्हायला लागलं तसं ते कपाळावरून ओघळायला लागलं. तिहो मधूनमधून चाटत होता, गाढव कुठला. ढोलावर मोठ्या अक्षरांत 'स्वयंसेवी अग्निशामक दल' लिहिलेलं, ते झाकायला चादर लावली होती, ती पहिल्याच गाण्यात पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, आग कुठं लागलीय?"

आणि मग बिसाने तोंड उघडलं. मी तिला पहिलीपासून ओळखते. बाकावर ती इतकं हळू बोलते की मास्तर दोनदा विचारतात. पण तिथं तिने असा आवाज काढला की हसणारे गप्प झाले. आमच्याकडे तीनच गाणी होती, ती सगळी दोनदा वाजवायला लागली. दुसऱ्या वेळी सगळे उड्या मारत होते. भूगोलाच्या बाई पण!

घरी परतताना बर्फ पडत होता आणि बिसाने माझा हात धरला होता. म्हणाली, "देसा, हे त्यांनी बघायला हवं होतं." मी विचारलं, कुणी? ती म्हणाली, "कुणी नाही." मला वाटतं आठवी ब मधला तो उंच मुलगा. विचारीन कधीतरी.

१३ फेब्रुवारी १९८३, रविवार

मी गाणं लिहिलं! आपलं स्वतःचं! कॅसेटमधल्या पोरांची नक्कल आता बास. नाव 'तीन मजले'.

तीन मजले, बारा खोल्या,
भिंती कोऱ्या, फरश्या ओल्या.
दारातल्या सिंहा, खरं खरं बोल —
इथं राहतं कोण?

आमच्या गावात आता लोकांपेक्षा सिंह जास्त झालेत. एकाने दोन बसवले की शेजारी चार बसवतो. आणि घरात कुणी नाही. मला तर हसू येतं. तिहो आणि ल्युबान लोळून हसले. ल्युबानचं हसू मी पहिल्यांदाच बघितलं.

बिसा हसली नाही. म्हणाली, "हे मी नाही म्हणणार." मी म्हटलं, "का? तुझ्या घरावर आहे म्हणून राग आला? अगं, सगळ्यांच्याच घरावर आहे." ती म्हणाली, "सगळ्यांच्या घरावर तू लिही. माझ्या घरात बसून नको." मला काही कमी राग आला नाही. मीही म्हटलं, "गाणारी एक तूच नाहीस." ती जिना उतरून गेली. अ‍ॅम्प्लिफायर तसाच चालू होता, घों घों करत.

खाली त्राइलो आजोबा पायरीवर बसले होते. रोज बसतात. मी विचारलं, "आजोबा, आमच्या गोंगाटाचा त्रास होतो का?" ते म्हणाले, "छे गं. घर कधीतरी बोललं तर बरं वाटतं." आजोबांना ऐकू कमी येतं म्हणून बरं.

२० फेब्रुवारी, रविवार

बिसा परत आली. आपणहून. सव्वासहाला, नाकाचा शेंडा लाल. आल्याआल्या माईक घेतला आणि म्हणाली, "तुझं गाणं वाजवा."

आणि म्हटलं! असं म्हटलं की माझ्या हातावर काटा आला. पण शेवटी तिने गडबड केली. तिसऱ्यांदा 'इथं राहतं कोण' यायला हवं, तर ही म्हणते, 'इथं राहते मी.'

मी थांबवलं. "अगं, यमकाचं काय? 'बोल'शी 'मी' जुळतं का?" ती म्हणाली, "नको जुळू दे." तिहो म्हणाला, पंकमध्ये चालतं. ल्युबान वर्षातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक आज बोलला. "राहू दे ना, देसा." बरं, तिघं एका बाजूला. मी हात टेकले. पण विनोद गेला तो गेलाच. माझ्या गाण्याचं भजं केलं.

१४ जून, मंगळवार

ऐका, ऐका! तेरा ऑगस्टला संस्कृती भवनाच्या अंगणात परदेशातल्या कामगारांचा मेळावा असतो ना, दर वर्षीचा, तिथं आम्हाला एक गाणं मिळालं! तिथं बरं झालं तर सप्टेंबरात नेगोतिनला नव्या बँडांच्या रात्रीसाठी कॉम्रेड व्होयिन शिफारस करणार. नेगोतिन! तिथं बेलग्रेडची माणसं येतात ऐकायला.

कॉम्रेड व्होयिन भवनाचे प्रमुख. त्यांनी आधी नाव विचारलं. "ओलं सिमेंट? यात राजकीय काही आहे का?" मी म्हटलं, "नाही कॉम्रेड, बांधकामाचं आहे." मग गाण्याचे शब्द वाचायला घेतले. माझा जीव टांगणीला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "तीन मजले, बारा खोल्या. छान! आपल्या कामगारांच्या कष्टाचं फळ. सिंह म्हणजे शक्तीचं प्रतीक. असं लिहीत जा." तिहोने हसू दाबायला स्वतःच्याच पायावर पाय दिला.

बाहेर येऊन आम्ही हवेतच होतो. फक्त बिसाने विचारलं, "तेरा ऑगस्टला सगळे आलेले असतात ना? व्हिएन्नावाले?" म्हटलं, "त्यांचाच मेळावा, ते नाही तर कोण येणार?" ती नखं खायला लागली. मला कळतंय, घाबरली असणार. तिचे बाबा गाणं ऐकून चिडतील आणि अ‍ॅम्प्लिफायर काढून घेतील. मलाही तीच भीती आहे. पण बिसा म्हणाली, "नाही, म्हणायचं. हेच म्हणायचं." माझी वाघीण!

३१ जुलै, रविवार

आले. सकाळपासून व्हिएन्नाच्या नंबरप्लेटच्या गाड्या, टपावर सामान, हॉर्न वाजवत. गावात पाय ठेवायला जागा नाही. लग्नंच सहा आहेत या महिन्यात.

बिसाचे बाबा, द्रागुतिन काका, गाडीतून उतरले ते आधी भिंतीला हात लावून बघायला लागले, ओल आलीय का म्हणून. मिलुंका काकूंनी बिसाला मिठी मारली आणि मग लांब धरून बघितलं. "केवढी झालीस गं! मी आणलेला फ्रॉक आता कसा व्हायचा तुला?" फ्रॉक गुलाबी होता. फुगे बाह्यांचा. बिसाच्या केसांना साखर आणि कानात सेफ्टी पिन! मला हसू आवरेना, पण बिसाने तो फ्रॉक हातातून सोडला नाही. दिवसभर घेऊन फिरत होती.

काकांनी या वर्षी इटलीच्या फरशा आणल्यात. तिसऱ्या मजल्यासाठी. म्हणजे आमच्या तालमीचं काय? हे कुणी विचारलंच नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

कालचं सगळं नीट लिहिते.

अंगणभर टेबलं, कोकरं भाजत होती, अग्निशामकांचा बँड आधी वाजवून गेला, मुलींचा नाच झाला. मग कॉम्रेड व्होयिन म्हणाले, "आता आपली तरुण पिढी, गाणं कामगारांच्या कष्टांवर." आम्ही चढलो.

पहिलं कडवं झालं तसे लोक हसायला लागले. एकमेकांना कोपर मारत होते. "अरे, तुझ्या सिंहांवर आहे!" "माझे दोनच आहेत, तुझे चार!" प्रत्येकाला वाटत होतं, शेजाऱ्याचीच फजिती चाललीय. मला तर आनंदाने उडावंसं वाटत होतं. जमलं, जमलं, नेगोतिन!

दुसऱ्यांदा 'इथं राहतं कोण' झालं तेव्हा तर मागचे सूर धरून म्हणायला लागले. टाळ्या, शिट्ट्या. आणि तिसऱ्यांदा बिसा थांबली. म्हणजे गायचीच थांबली. ल्युबानचा हात वर होता तो तसाच राहिला. तिहो थांबला. मीच एकटी वाजवत होते, मग मीही थांबले. बिसा एका टेबलाकडे बघत होती. द्रागुतिन काका पाव मोडत होते. आणि तिने ओरडून नाही, गाऊनही नाही, बाकावर बोलते तशा आवाजात म्हटलं, "इथं राहते मी."

एवढंच. माईक होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

काका हातातल्या पावाकडे बघत बसले. काकूंनी रुमाल तोंडावर धरला. बाकीच्या टेबलांवरही कुणी हसेना. कुणी आपल्या पोरांकडे बघत होतं, कुणी प्लेटमध्ये. मग काका उठले आणि फाटकातून निघून गेले. टाळ्या वाजवल्या फक्त कॉम्रेड व्होयिननी. "सुंदर," म्हणाले, "कामगारांचं सुंदर गाणं."

बिसा स्टेजमागे जाऊन ओकली. मी तिचे केस धरले होते. वाट लागली, दुसरं काय. माझं ऐकलं असतं आणि 'कोण' म्हटलं असतं तर सगळे हसत घरी गेले असते.

१७ ऑगस्ट, बुधवार

काका अ‍ॅम्प्लिफायर गच्चीवरून फेकतील या भीतीने मी माझा बेस आणायला गेले. जिना चढले तर काका वरच बसलेले, पालथ्या बादलीवर, माझ्याच जागेवर. फरशांची खोकी तशीच बांधलेली.

"तू पोस्टातल्या रुझित्साची ना?"

"हो काका."

"गाणं तू लिहिलंस?"

म्हटलं, आता खोटं बोलून काय होणार. "हो. पण शेवटची ओळ माझी नाही. ती तिने घुसवली. मी नको म्हणत होते."

"हं." मग ते भिंतीकडे वळले. "ही कोपऱ्यातली खोली तिची होणार होती. नदी दिसते इथून. तिने सांगितलं का कधी?"

"सांगितलं ना. म्हणून तर अ‍ॅम्प्लिफायर तिथं ठेवतो. भिंत चांगली आहे."

काका हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. म्हणाले, "तिला वाटत असेल, बाप दगडाचा आहे. तिथं ठेवायला जागा नाही गं पोरी. म्हणून तर हे सगळं..." आणि हात असा सगळ्या भिंतींवरून फिरवला.

मला हसूच आलं. एवढं व्हिएन्ना शहर, आणि जागा नाही! पण काका रडवेले दिसत होते, म्हणून मी नुसतं "हो काका" म्हटलं आणि बेस घेऊन आले.

१८ ऑगस्ट, गुरुवार

बिसा धावत आली. चप्पल एकाच पायात. गळ्यातच पडली माझ्या. "नेताहेत! देसा, मला नेताहेत! तिथल्या शाळेत घालणार! काल रात्रभर आई आणि बाबा बोलत होते, आणि सकाळी बाबा म्हणाले, सामान भर!"

मी म्हटलं, "शिक्षा म्हणून?"

ती वेड्यासारखी हसायला लागली. "अगं शिक्षा काय! नेताहेत!"

"आणि नेगोतिन? कॉम्रेड व्होयिननी शिफारस केलीय. सतरा सप्टेंबर. आणि बँड?"

तिचं हसू मावळलं. "देसा, मी..." मी तिला बोलूच दिलं नाही. मी म्हटलं, "जा मग. जाताना सिंहांनाही घेऊन जा. तसंही माझ्या गाण्याची वाट तूच लावलीस." आणि दार लावून घेतलं. ती बराच वेळ बाहेर उभी होती. मला दिसत होतं, एकाच चपलेवर.

माझं काही चुकलं नाही. वर्षभर राबले मी त्या बँडसाठी. आणि ही एका फुगे बाह्यांच्या फ्रॉकवर विरघळली.

२५ ऑगस्ट, गुरुवार

बिसाशी बोलले नाही. तिहो येऊन गेला, म्हणे बिसा रडतेय. म्हटलं, रडू दे. तिहो म्हणाला, "तू पण रडतेयस की." मी त्याला हाकलला.

संध्याकाळी आई अंगणात मिरच्या भाजत होती, मी सालं काढत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, मिरच्यांचं. आई म्हणाली, "पोरगी परवा जाणार. भेटणार नाहीस?"

"तिला कुठं माझी पडलीय? वर्षभर रविवारी तालीम सोडून फोनवर गप्पा मारत बसायची."

आईने चिमटा खाली ठेवला. "गप्पा? अगं, चारातल्या तीन रविवारी फोन यायचाच नाही. बूथ नंबर तीनसमोरच्या बाकड्यावर बसायची, पाच ते सहा. दुसऱ्या बूथची घंटा वाजली तरी उठायची. सहा वाजले की मला विचारायची, 'काकू, लाइन बिघडली असेल ना?' मी म्हणायची, हो गं बाई, बिघडलीय. सात वर्षं आमची लाइन बिघडलेली. साहेबांना कळतं तर माझी नोकरी गेली असती."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? मी तुला सांगितलं, तालीम सहाला ठेव. तू म्हणालीस, दिवा नाही."

मी मिरच्या सोलत राहिले. सगळ्या संपल्या. मग तिने आपल्या हातांनी माझं नाक पुसलं आणि ते मिरचीचे हात असल्याने मी खरंच बोंबलले.

२७ ऑगस्ट, शनिवार

गेली.

काल मी ल्युबानकडे गेले आणि म्हटलं, ढोल काढ. तो म्हणाला, "कोण गेलं?" म्हटलं, "कुणी नाही रे बाबा, बिसाला निरोप द्यायचाय. वाजतगाजत." त्याने ढोल काढला. तिहो गिटार घेऊन आला, जी अ‍ॅम्प्लिफायरशिवाय डासासारखी वाजते. सकाळी आम्ही चौकातून बिसाच्या घराकडे निघालो, ल्युबान ढोल बडवत.

आम्ही गाढवं! या गावात तो ढोल रस्त्यातून कशाला वाजतो, हे आम्ही तिघंही विसरलो. माणसं टोप्या काढून उभी राहिली. न्हाव्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. एक आजीबाई मेणबत्ती घेऊन धावत आली, "कोण गेलं रे, कोण गेलं?" आणि तिहो, ज्याच्या जिभेला हाड नाही, तो ओरडला, "बिसेर्का जातेय!" आजीबाईने जी किंकाळी फोडली! मग सगळा रस्ता आमच्या मागे, छाती बडवत. बिसाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चाळीस माणसं होती आणि बिसा गाडीजवळ ठणठणीत उभी, गुलाबी फ्रॉकमध्ये.

एक क्षण कुणालाच कळेना. मग आजीबाईने मेणबत्ती तिहोच्या डोक्यात हाणली. बिसा हसायला लागली ती खाली बसेपर्यंत हसली. काका हसले, काकू हसल्या, आणि मग सगळेच रडायला लागले, एवीतेवी रडायच्या तयारीनेच आले होते.

मी रात्री वाक्य पाठ केलं होतं. चांगलं लांब होतं. त्यातला एक शब्दही आठवेना. मी म्हटलं, "स्वेटर घेतलास का?"

"घेतला."

"तालीम मी सहाला ठेवायला हवी होती."

"दिवा नव्हता ना," ती म्हणाली.

मग तिने आपलं काळं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं. "तिथं अशी पुष्कळ मिळतात. तिसऱ्या मजल्याला दार असतं तर किल्लीही दिली असती." मला तिला सोडवेना. काकांनी एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा वाजवला नाही, थांबले. शेवटी तिनेच मला सोडलं.

गाडी हलली तसं त्राइलो आजोबांनी मागे घागरभर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सरळ जावो म्हणून. सगळं ओतलं. पाणी सिंहांच्या पायापर्यंत गेलं. ल्युबान वळण येईपर्यंत ढोल वाजवत होता. मी पहिल्यांदाच त्याला ताल चुकताना ऐकलं.

१८ सप्टेंबर, रविवार

काल नेगोतिनची रात्र होती. आम्ही गेलो नाही. तिहो म्हणाला होता, मी गातो. त्राइलो आजोबांकडे एकदा गाऊन बघितलं, तर दोन दिवस कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत. ढोलही गेला. अग्निशामकांनी परत घेतला, म्हणाले, जिवंत माणसांसाठी तो मिळणार नाही. तेव्हा इथं लिहिते, 'ओलं सिमेंट' संपलं. बँड मी काढला होता.

आज दुपारपासून मी पोस्टात होते. बूथ नंबर तीनसमोर, त्याच बाकड्यावर. बिसाने आईकडे निरोप ठेवला होता, रविवारी पाचला करीन. एवढ्या उकाड्यात जाकीट घालून बसले होते. त्राइलो आजोबाही आले होते, दाढी करून. पाच वाजले. एक नंबर वाजला, मी उठले. दोन नंबर वाजला, मी परत उठले. साडेपाच झाले. आजोबांनी विचारलं, "रुझित्सा, आज लाइन ठीक आहे ना?" आई म्हणाली, "ठीक आहे बाबा." मग मला म्हणाली, "अगं, बस जरा." मला बसवेना. सहाला दहा मिनिटं होती. सात वर्षं हे? दर रविवारी?

तेवढ्यात तीन नंबर वाजला.

"देसा!" पलीकडे केवढा गोंगाट. "देसा, तासभर रांगेत आहे गं! बूथसमोर सगळी आपलीच माणसं, मागचा दार ठोठावतोय, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय! कशी आहेस?"

"अगं, आमची एकच खोली आहे! एकच! बारा नाहीत! बाबा रात्रपाळीहून येतात तेव्हा आई निघते, आणि मी टेबलाखाली गादी घालून झोपते. आणि बाबा काय घोरतात गं, ल्युबान परवडला! काल आई म्हणाली, आपण तिघं एकदम उभं राहिलो तर कपाट उघडत नाही!" ती हसत होती. हसत हसत तिला बोलता येईना. "देसा, कपाट उघडत नाही!"

तिथल्या भिंती मला दिसायला लागल्या आणि त्याच वेळी इथला तिसरा मजला, आणि काकांचा तो फिरवलेला हात. "मग गाणं बदलायला लागेल," मी म्हटलं.

"काही नको. आहे तेच बरोबर आहे." मागून कुणीतरी दार ठोठावत होतं. "थांबा हो, एक ओळ राहिलीय! देसा, ऐक." आणि तिने त्या रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर, पूर्ण आवाजात, बेंबीच्या देठापासून म्हटलं, "इथं राहते मीऽऽ!"

आजोबांनाही ऐकू आलं. फोन तुटला.

आईने खिडकीतून मान बाहेर काढली. "काय गं, काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिथं राहते म्हणाली."

आईने मान हलवली आणि सहा वाजले म्हणून खिडकी लावायला घेतली. मी आणि आजोबा थोडा वेळ तसेच बसलो बाकड्यावर.